रोखेवाले सुभेदार

सुभेदारांना मऊ बोलणे जमत नसे. मागायला गेले तरी हुकूम द्यायला आल्यासारखे दारात उभे राहत. फौजेतून निवृत्त होऊन ते आमच्या गावच्या नगरपालिकेत निवडून आले आणि त्यांनी एकच ध्यास घेतला. नगरपालिकेने कर्जरोखे काढायचे, लोकांच्या पैशातून स्वस्त भाड्याची चाळ बांधायची, भाड्यातून व्याज द्यायचे आणि मुदत संपली की मुद्दल परत करायचे.

"आवं सुभेदार, पालिकेला गटार उपसता येईना, ती चाळ काय बांधणार?" फौजेतल्याच एका पेन्शनर नाईकाने टोमणा मारला.

"गटारात तुझा पैसा न्हाई, म्हणून तू गप बसतोस. चाळीत आसंल तर रोज बघाय येशील."

नाईकाने रोखा घेतला.

आम्ही तेव्हा ओढ्याकाठी पत्र्याखाली राहत होतो. वडील पालिकेच्या पाणीपुरवठ्यात कामाला होते, मी कॉलेजात जात होते. आम्ही बौद्ध. गावात खोली बघायला गेलो की आडनाव सांगेपर्यंतच ती रिकामी असे. चाळीच्या खोल्यांसाठी चिठ्ठ्या टाकल्या, त्यात आमचे नाव निघाले. खोली शेवटच्या, अजून बांधायच्या ओळीत होती.

त्या ओळीचे बहुतेक रोखे सुभेदारांच्या बहिणीचे यजमान घेणार होते. कुंडलचे मोठे ऊस बागायतदार. चिठ्ठ्यांतली नावे ऐकून ते म्हणाले, "पैसं आमचं, तर भाडेकरूबी आमच्यातलंच पाहिजेत."

"दाजी, रोख्यावर व्याज मिळतं. शेजार निवडायचा हक्क मिळत न्हाई."

दाजी चहा न घेता उठले. शेवटच्या ओळीचे काम जोत्यावरच थांबले. बहीण त्या दिवाळीला माहेरी आली नाही.

पेन्शनच्या दिवशी सुभेदार कचेरीबाहेर जुन्या फौजींच्या रांगेपुढे जाऊन उभे राहिले. "खंदकात शेजारी कोण हाय, त्ये इचारलं व्हतं का रं कुणी?"

"इचारलं व्हतं की," तोच नाईक म्हणाला. "बिडी हाय का, म्हणून."

सगळे हसले. सुभेदारही हसले, पण जागचे हलले नाहीत. मग कुणी एक, कुणी दोघांत मिळून एक, असे रोखे घेतले. शेवटची ओळ उभी राहिली. त्या खोलीत मी बी.ए. झाले आणि पुढे पालिकेतच नोकरीला लागले.

रोख्यांची मुदत भरली, त्याच्या थोडे आधी सुभेदार गेले. एवढे एक वाक्य लिहायलाही मला फार वेळ लागला.

मुद्दल वाटायचे काम माझ्या टेबलाकडे आले. नाईकाने नोटा हातात घेतल्या आणि पुन्हा माझ्यापुढे ठेवल्या.

"ह्ये म्होरल्या चाळीला."

"नवे रोखे अजून काढलेले नाहीत, काका."

"मग काढा की."

"मी कशी काढणार? त्यासाठी भांडायला आता सुभेदार नाहीत."

"आमी हाय की," नाईक म्हणाला आणि मागे वळून रांगेला हाक दिली, "चला रं, अध्यक्षाकडं."