मधली जागा

नारायण पेठेतल्या माझ्या घरी दर बुधवारी दुपारी आम्ही पाच-सहाजणी गोधडी शिवायला जमायचो. जुन्या साड्यांचे थर जमिनीवर अंथरायचे आणि कडेपासून टाके घालत मध्यापर्यंत यायचं. थर सरकू नयेत म्हणून एकीने मधे बसायचं. ती जागा कुणालाच नको असायची. पाय आखडतात, पाठ टेकता येत नाही.

शेजारणीबरोबर आलेल्या एक बाई मात्र चपला काढल्या की थेट मधे जाऊन बसायच्या. हाताला फोडणीचा वास, कपाळावर घाम. बसल्यावर एक लांब श्वास सोडायच्या आणि मगच सुई हातात घ्यायच्या. चहासुद्धा त्यांना तिथेच द्यावा लागे. कपाखाली तळहात धरून त्या अगदी सावकाश प्यायच्या.

एकदा त्यांचा फोन वाजला.

"गाळणी? ओट्यावरच्या फळीवर बघा. नाही, मला येता येणार नाही. मी मधे बसलेय. उठले तर सगळं सरकेल."

फोन ठेवून त्या मला म्हणाल्या, "घरी जरा टेकलं की कुणाला तरी पाणी हवं असतं हो. इथे मला उठायची बंदी आहे."

शेवटचा टाका अर्थात त्यांनीच घातला. घडी घालायला आम्ही चौघी चार कोपरे धरून उभ्या राहिलो, तरी त्या उठेनात.

"अहो, झाली की गोधडी," कुणीतरी म्हणालं.

"दिसतंय मला," त्या म्हणाल्या आणि टाक्यांवरून हात फिरवत बसून राहिल्या.

मी माझा कोपरा खाली ठेवला आणि पुन्हा चहाचं आधण ठेवलं.