न गळणारे दोन जोड

१९ ऑगस्ट. सकाळचं काम एकच: पाणी भरलेल्या पाइपांचं प्रेशर गेजवर वाचणं. काल पहाटेपेक्षा आज पहाटे कमी होतं.

"मॅडम, प्लास्टिक का पाइप है," फोरमन मिश्राजी म्हणाले. "धूप-छाँव में ऊपर-नीचे होता है."

"इसीलिए सुबह का सुबह से मिलाया."

ते वाकून गेज पुन्हा बघू लागले.

साइट म्हणजे मोहम्मद बिन झायद सिटीतला एक व्हिला. अंगणात आम्ही सहा बोअर घेतले होते, पण पाण्यासाठी नाही. प्रत्येक बोअरमध्ये काळ्या पाइपचा लांबलचक यू सोडलेला असतो आणि त्यातून पाणी फिरतं. उन्हाळ्यात ते घरातली उष्णता जमिनीत नेऊन टाकतं, हिवाळ्यात जमिनीतली वर आणतं. इथली जमीनही काही गार नसते, पण ऑगस्टच्या हवेपेक्षा बरी. गच्चीवर धडधडणारं एसीचं आउटडोअर युनिट लागत नाही.

मालक अबू राशिद यांना ती धडधडच नको होती. त्यांच्या पत्नीला स्ट्रोक झाला होता. आवाज सोसत नव्हता, आणि डॉक्टरांनी कोमट पाण्यात व्यायाम सांगितला होता. त्यासाठी घरातच लहानसा पूल बांधला होता. तोही आमच्याच सिस्टिमवर गरम होणार होता. गुरुवारी त्या हॉस्पिटलमधून घरी यायच्या होत्या. जुने एसी आम्ही काढून टाकले होते. आमचं काम पुरं झालं नाही, तर त्या घरात कुणाला राहता येणार नव्हतं.

एकेका बोअरचा व्हॉल्व्ह बंद करून पाहिलं. चौथ्यात प्रेशर पडत होतं. तिथला चर उकरला. वाळू ओली.

"नीचे खारा पानी है," मिश्राजी म्हणाले. "वही चढ़ा होगा."

मी पाइपचा जोड फडक्याने कोरडा केला आणि थांबले. वरच्या अंगाला एक थेंब जमला. जिभेला लावला. गोडं पाणी. आम्हीच भरलेलं.

हा जोड करताना दोन पाइपांची तोंडं तापलेल्या प्लेटवर वितळवतात, एकमेकांवर दाबतात आणि थंड होईपर्यंत क्लॅम्पमध्ये धरून ठेवतात. क्लॅम्प आधी काढला तर जोड बाहेरून सुरेख दिसतो, आतून कच्चा राहतो.

"ये जॉइंट कब किया था?"

"ब्रेक के टाइम." मिश्राजींनी हेल्मेट काढून हातात घेतलं. "साढ़े बारह बज गए थे. इन्स्पेक्टर गली में खड़ा था. क्लॅम्प खोला, सबको अंदर भेजा."

उन्हाळ्यात इथे दुपारी साडेबारा ते तीन उन्हात काम बंद असतं. सरकारी नियम आहे, आणि माणसं त्यामुळेच जगतात.

"ऐसे और कितने?"

"दो. लेकिन वो पकड़े हुए हैं, मॅडम. एक बूँद नहीं."

मी ऑफिसला फोन लावला. आमचे मॅनेजर लोपीस मूळचे वसईचे. आम्ही मराठीतच भांडतो.

"गळतो तो काप," ते म्हणाले. "उद्या टेस्ट, गुरुवारी हँडओव्हर. न गळणारे कशाला कापतेस?"

"चर बुजवून वर फरशी बसली की गळतील, सर."

"तेव्हाचं तेव्हा बघू."

"तेव्हा ती बाई आत असेल."

"तू इंजिनियर आहेस की नर्स?"

"टेस्ट रिपोर्टवर सही माझी लागते. तिन्ही कापल्याशिवाय करणार नाही."

ते म्हणाले, "मग मालकांना तूच सांग. एक आठवडा जाईल."

अबू राशिद पत्नीच्या खोलीत होते. नव्या पलंगावरचं प्लास्टिक स्वतःच्या हातांनी काढत होते. मुंबईशी व्यापार केलेल्या जुन्या घरातले. हिंदी चांगलं बोलतात. मी सगळं सांगितलं.

"कितना दिन?"

"एक हफ़्ता, इन्शाल्ला."

"मॅडम, इन्शाल्ला मैं बोलूँगा. आप पक्का बोलो."

"एक हफ़्ता. पक्का."

ते पलंगाच्या कडेला बसले. "वो रोज़ पूछती है. आज क्या बोलूँ?"

"बोलिए, काम कच्चा था, इंजिनियर ने रोक दिया."

त्यांनी मान हलवली, फोन घेतला आणि शेजारच्या खोलीत गेले. जाताना दार लावून घेतलं. मी पलंगावरचं उरलेलं प्लास्टिक काढलं आणि घडी करून ठेवलं.

अबू राशिद यांच्या पत्नी आठवड्याने घरी आल्या. न गळणाऱ्या दोन जोडांपैकी एक नुसता हाताने वाकवल्यावर उकलला. दुसरा चांगला निघाला. लोपीस आजही त्या दुसऱ्याचीच आठवण काढतात.

दोष नियमाचा नव्हता. साडेबाराला काम थांबवायचं असेल, तर बाराला काय सुरू करायचं नाही हे आधी ठरवावं लागतं. आम्ही ठरवलं नव्हतं.

२० ऑगस्टला सकाळी मी ऊन चढायच्या आत साइटवर गेले. चौथ्या बोअरचा जोड कापून घेतला, नवा करून घेतला, त्यावर छत्री उभी केली. मग घरून आणलेलं सुटकेसचं कुलूप क्लॅम्पला लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली आणि जोड थंड होईपर्यंत गाडीत जाऊन बसले.