दहा सेंटिमीटरचा माणूस

आमच्या गल्लीच्या तोंडाशी वेल्डिंगचं एक दुकान आहे. मालकाचं खरं नाव त्यांच्या बायकोलाही आठवून सांगावं लागतं. सगळे त्यांना काटकोन म्हणतात. गेल्या चौतीस वर्षांत त्यांना जगातली एकही वस्तू सरळ दिसलेली नाही. दाराची चौकट तिरकी, समोरचा खांब तिरका, डॉक्टरचं अक्षर तिरकं, आणि स्वतःच्या लग्नाच्या फोटोत सासरची मंडळी तिरकी उभी आहेत म्हणून तो फोटो कपाटामागे. दुकानावर पाटी: ‘येथे चूक होत नाही.’ कोणी हसलंच तर म्हणायचे, “दाखवा चूक. त्याच दिवशी पाटी उतरवतो.”

शेजारचा टायरवाला त्या दिवसाची वाट बघत म्हातारा होत चालला होता.

काटकोनांच्या मते जगातली सर्वांत तिरकी वस्तू म्हणजे त्यांचा जावई. हा गृहस्थ दिवसभर विम्याच्या कचेरीत बसतो आणि संध्याकाळी जुन्या जीपखाली झोपतो. रविवारी चिखलाची शर्यत होती. तीत जीप घालायची, बायकोला शेजारी बसवायचं आणि दोघांनी मिळून चिखल खायचा, असा त्याचा संसाराचा बेत. त्यासाठी आठ महिने भंगारबाजार पालथा घालून त्याने एका ट्रकचा मागचा अ‍ॅक्सल मिळवला. तो जीपला इतका रुंद, की चाकं दोन्ही बाजूंना मडगार्डच्या बाहेर लटकायची. लेंग्यातून पाय बाहेर पडावेत तशी.

“बाबा, तो तुम्हीच आखूड करून द्या,” लेक म्हणाली. “मी बसणार आहे त्यात.”

झालं. काटकोन तयार झाले, पण तोंडाचा पट्टा आधी सुरू झाला.

अ‍ॅक्सलचं हाउसिंग म्हणजे मधे गिअरचा लोखंडी गोळा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना जाड नळ्या. प्रत्येक नळीतून सहा सेंटिमीटरचा तुकडा काढायचा आणि टोक पुन्हा जोडायचं. आत फिरणारे दांडे जावयाने आधीच आखूड करून, नवे दाते पाडून आणले होते. म्हणजे नळी सहानेच कमी व्हायला हवी. जास्त कापली तर दांडे मावणार नाहीत, आणि दुसरं हाउसिंग शोधायला आणखी आठ महिने.

आता काटकोनांची एक खोड सांगायला हवी. टेपच्या टोकाला जो पत्र्याचा आकडा असतो तो सैल असतो, म्हणून ते कधीच शून्यापासून मोजत नाहीत. दहाच्या रेघेपासून मोजतात. सहा हवे असतील तर सोळावर खूण. पहिली नळी अशीच मोजली, कापली, चोख. दुसरीला टेप घसरू लागला, तेव्हा नाइलाजाने म्हणाले, “धरा जावईबापू. तेवढं तरी जमेल ना?”

जावयाने टेप धरला. “मामा, शून्यावर धरलंय हं.”

मामांचं लक्ष कुठे होतं? ते व्याख्यान देत होते. “शून्यापासून मोजणारी माणसं मी ओळखतो. त्यांचे दरवाजे लागत नाहीत, कपाटं उघडत नाहीत...”

“मामा, शून्यावर आहे, बरं का.”

“...आणि त्यांना मुली देणारे माझ्यासारखे गाढव निघतात!” असं म्हणत मामांनी सोळावर खूण केली आणि ग्राइंडर सुरू केला.

तुकडा खाली पडला. शेजारीच पहिला तुकडा पडला होता. एक बोटभर, एक वीतभर. काटकोनांनी दोन्ही तुकड्यांकडे पाहिलं. टेप शून्यावर, खूण सोळावर: नळी दहा सेंटिमीटर जास्त गेली होती.

“दोनदा सांगितलं मी,” जावई हळूच म्हणाला.

“माणसाने ओरडून सांगावं!” मामा ओरडले.

मग मात्र त्यांनी जे केलं ते, माणूस कितीही चिडका असला तरी, सलाम ठोकण्यासारखं होतं. मोठ्या तुकड्यातून दहा सेंटिमीटरचं कडं काढलं. नळीच्या आत घट्ट बसणारी दुसरी नळी घातली, तिच्यावर कडं चढवलं आणि पुढे टोक लावलं. गोळ्यातून दोन्ही टोकांपर्यंत एक लांब जाड सळई आरपार घातली, म्हणजे काही वाकलं तर ती अडकणार. मग एक टाका वर, एक खाली, एक डावीकडे, एक उजवीकडे; निवू द्यायचं, पुन्हा टाका. दोन दिवस त्यांनी कशालाच तिरकं म्हटलं नाही. सासूबाईंना वाटलं ताप आला. शनिवारी दुपारी त्यांनी एका बोटाने सळई फिरवली. ती गरगर फिरली.

तेवढ्यात टायरवाला चहाचा ग्लास घेऊन आला. त्याची नजर ससाण्याची.

“इकडे जोड एक, तिकडे दोन? मामा, हे काय?”

काटकोनांचा चेहरा पडला. जावई पुढे झाला. “माझी चूक. मीच जास्त कापलं.”

“असं होय!” टायरवाल्याची निराशा झाली. बसून त्याने जोडावरून अंगठा फिरवला. “आणि जोडलं कोणी?”

आता थाप पुरी करणं भाग होतं. “मीच.”

“वा! काय सफाई आहे! मामा, राग मानू नका, पण जावयाचा हात तुमच्यापेक्षा सरळ आहे हो. आता तुम्ही घरी बसा!”

काटकोनांच्या मानेची शीर टरारली. चूक पचत होती, हे पचेना.

“याचा हात? याला पोळपाटावर पीठ चिकटवता येणार नाही! कापताना चुकलो मी. मी! सोळावर खूण मी केली! पण जोड माझा आहे. दोन्ही बाजूंचे, तिन्ही जोड माझे!”

टायरवाल्याच्या हातातला चहा तसाच राहिला. मग त्याने सावकाश मान वर करून पाटीकडे पाहिलं.

काटकोन स्टुलावर चढले आणि त्यांनी पाटी उतरवली.

रविवारी जीप चिखलात शेवटून दुसरी आली. अ‍ॅक्सल मात्र हूं की चूं न करता फिरला. लेक डोळ्यांपर्यंत चिखलाने माखून घरी आली, पायरीवर टेकली आणि हसत सुटली. “किती तिरकी बसलीस,” एवढंच काटकोन म्हणाले.

सोमवारी नवी पाटी आली: ‘येथे जोडकाम होते.’ भिंतीवर भोकं पाडायची होती. जावई टेपचं टोक धरून उभा राहिला.

“कुठून धरू, मामा?”

“दहापासून. अक्कल आहे का नाही?” काटकोनांनी पेन्सिल कानावरून काढली, खूण करायला वाकले आणि थांबले. “कुठे धरलंय?”

“दहावर.”

“ओरडून सांगा.”