फौजदार काकूंचा नाश्ता

फौजदार काकूंना एका कानाने कमी ऐकू यायचं, आणि तो कान कोणता हे सोनाळ्यात कोणालाच नक्की कळलं नाही. उजवीकडून 'जमणार नाही' म्हटलं तर तो उजवा असायचा, डावीकडून म्हटलं तर डावा. 'हो' मात्र त्यांना रस्त्यापलीकडूनही ऐकू जायचं. नकार देऊन थकलेला माणूस शेवटी हातातली पिशवी खाली ठेवायचा आणि कांदे चिरायला बसायचा. मीही तशीच बसले. बदली होऊन इथल्या शाळेत आले आणि गाव धड पाहायच्या आधीच काकूंच्या सेवा मंडळाची सभासद झाले.

'फौजदार' ही पदवी गावाने दिलेली. घरात पोलीस कोणी नव्हतं. नवरा, नामदेवकाका, वांगी-मिरची पिकवणारा, आणि बायकोपुढे बोलायची वेळच न आल्यामुळे शांत राहिलेला माणूस. मंडळाची एक जुनी गाडी होती, दार आपटल्याशिवाय न लागणारी. आठवड्यातून दोनदा ती किडनीच्या पेशंटांना डायलिसिससाठी खामगावला नेऊन आणायची. त्यांत सुमन होती, आमच्या गल्लीतल्या झाडून साऱ्या बायकांचे ब्लाउज शिवणारी. एसटीत उभं राहून परत येणं तिला झेपत नसे. एखादी खेप चुकली की तिचे पाय सुजायचे आणि बोलताना दम लागायचा. गाडीचं डिझेल आणि ड्रायव्हरचा पगार मंडळाच्या वार्षिक नाश्त्यातून निघायचा. म्हणजे खरं तर काकूंच्या हट्टातून निघायचा.

पहिल्या वर्षीचा नाश्ता मात्र साफ बुडाला. कुपनं छापली होती, आलूबोंडा-कढी फक्कड झाली होती, सगळं गाव पोटभर खाऊन गेलं. पैसे कोणी मागितलेच नाहीत. कुपनांच्या टेबलाशी बसलेल्याला समोर मामा दिसला, मामाच्या मागे आत्याचे दीर, त्यांच्या मागे बायकोचे काका. खाऊ घालून मामाकडे पैसे मागणाऱ्याला आमच्याकडे कोणी मुलगी देत नाही. मंडळ डोक्याला हात लावून बसलं. काकू तेवढ्या कढीचा गंज, म्हणजे ते मोठं पातेलं, घासत होत्या. घासता घासताच म्हणाल्या, "आपल्या लोकायले पैसे मांगता येत नाही. पण आयेर देल्याबिगर कोणी मांडवातून जाते काय?"

पुढच्या वर्षी शाळेच्या पटांगणात मांडव पडला. मधोमध गाडी, धुऊन पुसून, पुढच्या काचेला मुंडावळ्या बांधलेली. कुपन नाही, टेबल नाही. लोक पंगतीत बसले, आग्रहाने खाल्लं, आणि हात धुऊन वळले तर समोर ही नवरी. आहेर द्यायचा आणि माईकवर नाव पुकारलं जायचं. किती दिला ते सांगायचं नाही, हा काकूंचा कडक नियम. ज्यांचं नाव पुकारायचं राहिलं ते घरी जाऊन पाकीट घेऊन आले. एका आजींनी गाडीसाठी खण आणला होता. तो कुठे ठेवायचा कळेना, म्हणून स्टिअरिंगला बांधला. माईक त्या दिवशी माझ्या हातात आला तो अजून सुटलेला नाही.

काकूंच्या हाताखाली काम करणं म्हणजे शिक्षा होती. आलू कुस्करले की त्या बोटांनी चाचपून गाठी शोधायच्या आणि आमच्या तोंडासमोर धरायच्या. गर्दी वाढली म्हणून एकदा मी कढीत पाणी ओतायला निघाले, तर त्यांनी तांब्याच हिसकून घेतला. "मॅडम, देणाऱ्याले पातळ कढी पाजली तं तोबी पातळ होते." मग घरोघर ताक मागायला मलाच पिटाळलं. राग आला होता. पण शेवटच्या पंगतीलाही पहिल्या पंगतीचीच कढी मिळाली, आणि मग राग कुठे गेला कोण जाणे.

एका वर्षी एक पुढारी आले. नाश्त्याचा, गाडीचा, सगळाच खर्च मी करतो म्हणाले, फक्त गाडीवर माझा फोटो लावा. आमचे अध्यक्ष तर लगेच फोटो कुठे बसेल ते पाहू लागले. काकूंनी पाहुण्यांना चहा दिला आणि सांगितलं, "भाऊ, गाडी गावाची हाय. एकाची झाली तं तो रुसला का गाडीबी रुसते. मंग सुमननं काय करावं?" पुढारी हसले, चहा प्याले आणि गेले. जाताना आहेर मात्र देऊन गेले.

यंदा नाश्त्याच्या आठवड्यातच काकू गेल्या. शेतातून आल्या, छातीत कळ आली म्हणाल्या, आणि दवाखान्यात पोचायच्या आधीच संपलं. अंत्यविधीनंतर मंडळ त्यांच्या ओसरीत बसलं. काकूंनी आणून ठेवलेली आलूंची पोती तिथेच भिंतीला टेकून होती. अध्यक्ष म्हणाले, तेरवी होऊ द्या, नाश्ता पुढे ढकलू. साऱ्यांनी माना हलवल्या, मीही हलवली. ड्रायव्हर हळूच म्हणाला की डिझेल एकाच खेपेपुरतं आहे. आणि आलूंचं काय, तर सुतकातल्या घरचं सामान रांधायला कसं न्यायचं, असं कोणीतरी पुटपुटलं. नामदेवकाका गुडघ्यांत मान घालून बसले होते. ते मान वर न करता म्हणाले, "ज्याले लागते त्यानं न्यावं."

सुमन उठली. डावा हात डायलिसिसच्या सुया टोचून टोचून जाड झालेला, त्याने वजन उचलायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. तिने उजव्या हाताने पोत्याचं तोंड सोडलं, पदर पसरला आणि एकेक आलू त्यात टाकू लागली. अध्यक्ष म्हणाले, "सुमनबाई, हे बरं दिसते काय?"

"नसन दिसत," ती म्हणाली. "पण मले बुधवारी खामगावले जा लागते. त्याच्या पुढच्या बुधवारीबी जा लागते."

भरलेला पदर सावरत ती दारातून बाहेर पडली. मागोमाग नामदेवकाका उठले आणि त्यांनी ते पोतं खांद्यावर घेतलं. मग मात्र आमच्यापैकी कोणाचीच बसून राहायची हिंमत झाली नाही.

नाश्ता ठरल्या दिवशी झाला. आलूबोंड्यांत गाठी राहिल्या होत्या. मी माईकवर नावं पुकारत राहिले. काकू गेल्यापासून मी रडले नव्हते, सवडच नव्हती. पुढच्या बुधवारी सकाळी शाळेत जाताना गाडी समोरून आली. खिडकीशी सुमन होती, मांडीवर कोणाचा तरी अर्धवट शिवलेला ब्लाउज घेऊन हातशिलाई करत बसलेली. तिने वर पाहिलंही नाही. गाडी फाट्यावरून वळली आणि मी भर रस्त्यात रडले.