अण्णांच्या परसातला गवती चहा

आफ्रिका बघायला मी अमेरिकेत गेले. फलटणच्या कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवताना आफ्रिकेतल्या सवाना (तुरळक झाडांची अफाट गवताळ माळरानं) फळ्यावर काढण्यात माझी आख्खी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर त्या एकदा डोळ्यांनी पाहायच्या, असं मनाशी ठरवून ठेवलं होतं. सहल कंपनीतल्या तरुणाला मी म्हटलं, "सिंह राहू द्या, मला गवत दाखवा." त्याने आधी माझ्याकडे, मग शेजारच्या मुलीकडे पाहिलं. मी माहितीपत्रक पर्समध्ये घातलं आणि तिथून निघाले.

त्याच आठवड्यात भाचीचा, मृण्मयीचा फोन आला. ती आणि तिचा नवरा निखिल ॲरिझोनात टूसॉनला असतात, दोघंही आयटीत. माझी रड ऐकून ती हसायलाच लागली. "मावशी, आफ्रिकन गवतं? अगं मग इकडे ये ना! आम्ही दर सॅटर्डेला डोंगरावर जाऊन ती उपटतो."

सप्टेंबरच्या अखेरीस मी टूसॉनच्या विमानतळाबाहेर पडले, तेव्हा भट्टीचं दार उघडल्यासारखी झळ आली. चहूकडे उघडे डोंगर आणि त्यांच्यावर सवारो (हात वर केलेले, दोन मजली उंच निवडुंग). मी मात्र खाली बघत होते. रस्त्याच्या कडेला सिमेंटच्या भेगेतून एक ठोंब वर आला होता, बोटभर लांबीचे तांबूस तुरे मिरवत.

"थांब, थांब! अंजन गवत आहे ते!" मी ओरडले.

"इथे नाही थांबता येत, तिकीट मिळेल." तिकीट म्हणजे दंडाची पावती. मृण्मयीने गाडी पुढच्या दुकानांच्या आवारात वळवली. तिथे तर शोभेसाठी मुद्दाम लावलेलं फाउंटन ग्रास झुलत होतं. मी दोन्हींचे तुरे तोडून आणले आणि गाडीच्या बॉनेटवर शेजारी शेजारी मांडले.

ही दोघं सख्खी चुलत भावंडं आणि दोघंही आफ्रिकेची. फाउंटन ग्रासचा तुरा वीतभर लांब, गुलाबी-जांभळा आणि नखरेल. पानं सुतळीसारखी बारीक, वळलेली. अंजन (इथे त्याला बफेल ग्रास म्हणतात) त्या मानाने गावठी. तुरा आखूड, कोल्ह्याच्या शेपटीच्या रंगाचा. त्याचं बी केसाळ पांघरुणासकट गळतं आणि उरलेल्या दांडीवरून बोट फिरवलं की ती कानशीसारखी खरखरते. इथलं एक स्थानिक गवत हुबेहूब अंजनासारखं दिसतं, पण त्याचं बी गळून गेलं तरी केस दांडीवरच राहतात. मी हे सगळं मोठमोठ्याने समजावत असताना आवाराचा रखवालदार जवळ आला आणि अदबीने विचारता झाला, "मॅडम, काही हरवलंय का?"

"नाही, सापडलंय," मी म्हटलं.

घरी मृण्मयीचे सासरे अण्णा दारातच उभे होते. अण्णा माणदेशातले, दहिवडीच्या बाजूचे. बायको गेल्यावर निखिल त्यांना इकडे घेऊन आला. "या विहीणबाई! बसा. आदी च्या घ्या, मग अमेरिका बगा," असं म्हणत त्यांनी स्वतः चहा केला. गवती चहाचा सुरेख वास सुटला होता.

"मावशी, हा अण्णांच्या घरचा लेमनग्रास," मृण्मयी म्हणाली. "बॅकयार्डमध्ये लावलाय. माझ्या ग्रुपला इतका आवडतो ना, दर शनिवारी मोठा थर्मास भरून नेते."

अण्णांनी खिडकीबाहेर बघत मिशीवरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी झोपेचं वेळापत्रक विस्कटल्यामुळे मी पहाटेच उठले आणि परसात गेले. भिंतीच्या कोपऱ्यात अण्णा उकिडवे बसले होते. हातात मिशी कातरायची छोटी कात्री. समोर हिरवागार ठोंब. ते त्यातला एकेक कोवळा तुरा शोधून कापत होते आणि बनियनच्या खिशात टाकत होते. मी जवळ जाऊन एक पान चुरगाळलं. वासाचा पत्ता नाही. गवती चहाची पानं रुंद, निळसर आणि धारदार असतात. हे पान अरुंद होतं आणि खोडाशी बारीक केसांची झालर होती.

"अण्णा, हा कुठल्या बाजूचा गवती चहा म्हणायचा?"

अण्णा दचकले नाहीत, हे त्यांचं विशेष. कात्री खिशात टाकून म्हणाले, "विहीणबाई, तुमी मास्तरीणबाई हाय, ह्ये मी इसरलोच."

सगळी हकीकत मग तिथेच कळली. अण्णांची नोकरी कुरणविकासाच्या खात्यातली. माणदेशचे उघडे माळ अंजन पेरून हिरवे करायचे, हे त्यांचं काम. इथे आले तेव्हा भिंतीकडेला हा कोंब आपोआप आलेला दिसला आणि त्यांनी बादलीने पाणी घातलं. सून त्याच गवताचा नायनाट करत हिंडते, हे मागाहून समजलं. तेव्हा त्यांनी ठोकून दिलं, गवती चहा आहे. गवती चहाला सहसा तुरा येत नाही. म्हणून रोज सकाळी कात्री. चहात पडायचा तो मित्राकरवी गुपचूप मागवलेला, किराणा दुकानातला वाळका गवती चहा.

"अहो, पण मृण्मयी त्या ग्रुपची हिरिरीची कार्यकर्ती! तिच्याच घरात हे निघालं तर तिचं नाक कापलं जाईल."

"म्हाईत हाय." अण्णांनी ठोंबावरून हात फिरवला. "पर हितं वळखीचं त्वांड ह्ये येकच. पोरं हाफिसात जात्यात. दिवसभर कुनाशी बोलायचं?"

मला हसू येत होतं आणि गलबलूनही आलं. शिवाय पेच होताच. मी मुलीकडची, ते मुलाकडचे. व्याह्यांना त्यांच्याच घरात उघडं पाडणारी विहीण आमच्या सात पिढ्यांत झाली नसेल. मी गप्प राहायचं कबूल केलं, पण एका अटीवर. त्या दिवशी शनिवार होता, अण्णांनी आमच्याबरोबर डोंगरावर यायचं. आजवर ते गुडघ्याचं निमित्त सांगत आले होते.

डोंगराच्या पायथ्याशी मंडळी जमली होती. त्यांची म्होरकी कॅरल, सत्तरीची, गवती टोपीवाली, पहार खांद्यावर टाकून आली. गवत मुळासकट काढायचं, तुरे आधी पिशवीत भरायचे, निघताना पायमोजे झटकून चिकटलेलं बीसुद्धा पिशवीत टाकायचं, असे तिचे कडक नियम. वर चढलो आणि मला अखेर आफ्रिका दिसली. उतारभर पिवळं-तांबूस अंजन वाऱ्यावर हेलकावत होतं. खुशाल जिराफ यावेत असा देखावा होता. मी आनंदाने फोटो काढत सुटले.

वळसा घालून पलीकडे गेलो तर जळालेला पट्टा लागला. गवताने पेट घेतला होता आणि सवारो उभेच्या उभे काळे पडले होते. या वाळवंटाला आगीची सवयच नाही, कॅरल सांगत होती, आणि हे निवडुंग माणसापेक्षा हळू वाढतात. त्या काळ्या खोडांच्या पायाशी अंजनाचे हिरवे कोंब मात्र केव्हाच वर आले होते.

अण्णा त्या कोंबांपाशी वाकले. "मी गावोगाव ह्येच सांगत फिरलो," ते मला हळूच म्हणाले. "पेरा, जळलं तरी मरत न्हाई म्हनून." मग कॅरलच्या हातातली पहार मागून घेतली आणि पहिल्या ठोंबाच्या बुडाशी अशी घातली की आख्खं मूळ मातीसकट उलथलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांचा गुडघा एकदाही दुखला नाही.

चहाच्या वेळी कॅरलने थर्मासचं झाकण भरून घेतलं, डोळे मिटून प्यायली आणि अण्णांना म्हणाली, "उद्या तुमच्याकडे येते. या लेमनग्रासचा एक फुटवा मला हवाच."

अण्णा घाईघाईने पिशव्यांची तोंडं बांधायला लागले. मृण्मयी उत्साहाने म्हणाली, "शुअर! चारला या."

दुपारी मृण्मयी आणि निखिल बाहेर गेल्यावर अण्णा परसात आले. मी पिशवी धरून उभी राहिले. त्यांनी आधी चुकून राहिलेले तुरे शोधले, आणि नवल म्हणजे एकही सापडला नाही, अगदी भिंतीकडच्या बाजूलाही. मग कुदळ मारली. ठोंब उचलून पिशवीत ठेवताना म्हणाले, "जा बाबा. वंगाळ न्हवतास तू. जागा चुकली तुजी." त्यांनी डोळे पुसले आणि मीही पुसले.

पण खड्डा रिकामा राहून चालणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं फिरायला म्हणून निघालो आणि कोपऱ्यावरच्या व्हिएतनामी दुकानातून गवती चहाच्या ताज्या दांड्यांची जुडी आणली. तिला मुळं नव्हती. खड्ड्यात रोवून वर पाणी मारलं, तर दुरून अगदी मुरलेला ठोंब वाटत होता.

चारला कॅरल आली, सोबत कुंडी घेऊनच. पान चुरगाळून हुंगलं आणि खूश झाली. अण्णांनी माझ्याकडे विजयी नजर टाकली. तेवढ्यात तिने फुटवा काढायला म्हणून अलगद ओढलं आणि आख्खी जुडी हातात आली. तळाशी मुळांच्या जागी दुकानाचं निळं रबरबँड.

कॅरलने ते रबरबँड बोटाने ताणून पाहिलं. "तुमच्याकडे हे असंच उगवतं का?" तिने गंभीरपणे विचारलं.

मी कॉलेजात शिकवतानाचा आवाज काढून म्हणाले, "ही जरा दुर्मीळ जात आहे."

मृण्मयी पायरीवर बसून पोट धरून हसत होती. "मावशी, अण्णा, यार, बस करा! आजोळी आमच्या नळाखाली गवती चहा होता. मला वासावरून कळणार नाही? मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं."

"मंग बोलली का न्हाईस गं?" अण्णांचा चेहरा पडला होता.

"काय बोलणार? तुम्ही सकाळी त्याच्याशी गप्पा मारायचात. भिंतीकडचे तुरे तुम्हाला दिसायचे नाहीत ना, ते मी ऑफिसहून आल्यावर कट करायचे. रोज."

अण्णांनी सुनेच्या डोक्यावर हात ठेवला. कॅरलला मृण्मयीने इंग्रजीत सगळं सांगितलं. तिने अपराधाची शिक्षा तिथल्या तिथे सुनावली, यापुढे दर शनिवारी अण्णांनी डोंगरावर यायचं आणि पहार त्यांच्याकडेच राहील. चहाही हवाच, दुकानातला असला तरी.

मी फलटणला परत आले. घरच्यांना दाखवायला माझ्याकडे फोटो होते आणि त्यांत गवताशिवाय काहीच नव्हतं. एका सकाळी एसटीने दहिवडीला गेले. अण्णांनी पेरलेला माळ विचारत विचारत गाठला. अंजन गुडघाभर वाढलं होतं आणि त्यात मेंढरं चरत होती. मेंढपाळाने विचारलं, "काय बघताय, बाई?" मी म्हटलं, "आमच्या व्याह्यांचं गवत." मग अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे संध्याकाळ होती. फोन मी माळभर फिरवला. अण्णांनी तोंड पडद्याजवळ आणलं.

"हात फिरवा जरा त्याच्यावरनं," ते म्हणाले.

मी फिरवला. मागून मृण्मयीचा आवाज आला, "मावशी, निघताना कपडे झटक हं!"

साडीच्या निऱ्यांना बी चिकटलं होतं. पिशवी काढायला हात आपोआप पर्सकडे गेला, तो मी मागे घेतला. फोनमधून अण्णा बघत होते. मी त्या माळावर उभी राहिले आणि साडी चांगली खळखळून झटकली.