साइन इन्व्हर्स आणि ओलं फडकं

"मावशी, इकडे या. तुमच्या पोरीनं फळ्यावर घाण केलीय. पुसून घ्या."

सर हे म्हणाले तेव्हा मी फळ्यापाशीच उभी होते. हातात खडू. परतूरमधली शिकवणी, बारावीचं वर्ष. माझी आई तिथेच झाडलोट करायची. म्हणून मला बसू देत होते. आम्ही कोणत्या वस्तीतले, हे परतुरात कुणाला सांगावं लागत नव्हतं.

गणित होतं, साइन इन्व्हर्स एक्स अधिक कॉस इन्व्हर्स एक्स किती? साइनच्या डोक्यावर लिहिलेला तो उणे एक बघून मी एक भागिले साइन धरलं. मग दहावीत पाठ केलेल्या नित्यसमानता लावत गेले. सेक, कोसेक. अर्धा फळा भरला. मला वाटलं, काय भारी सोडवलंय! उत्तर होतं पाय बाय टू. एवढंच.

ज्याचं चुकेल त्याने स्वतः फळा पुसायचा, असा तिथला रिवाज. तो सगळ्यांना होता. माझ्यासाठी आईला हाक मारली.

आई ओलं फडकं घेऊन आली. वरच्या ओळीला हात पोचेना, तशी टाचा उचलून पुसू लागली. वर्ग हसला.

मीही हसले.

हे लिहिताना अजून लाज वाटते. त्या पोरांमधली एक व्हावं म्हणून मी माझ्या आईवर हसले. तिने वळून पाहिलं आणि परत पुसायला लागली.

संध्याकाळी भाकरी थापता थापता म्हणाली, "सर बोलले त्याचं मला काई न्हाई. तू कामून हसलीस?"

मी ताट तसंच ठेवून उठले.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी गेले आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: साइनच्या डोक्यावर दोन म्हणजे वर्ग, मग उणे एक म्हणजे एक भागिले का नाही?

सर आले. "कुणी लिहिलं?"

"मी."

"तसंच असतं ते. चिन्हाची पद्धत आहे. मावशी..."

"आईला बोलवायचं न्हाई." मी फडकं उचललं. "माझी चूक मला कबूल हाय. फळा मीच पुसीन. पन आधी पद्धत अशी का, ते सांगा."

सरांना सांगता आलं नाही. म्हणाले, "उद्यापासून येऊ नको."

आईचं कामही गेलं.

आता मी गणित शिकवते. साइन इन्व्हर्स आलं की दरवर्षी कुणीतरी तीच चूक करतं. मी फळा पुसू देत नाही. आधी का ते सांगते: तो उणे एक भागाकाराचा नाही, साइनवरून उलट कोनाकडे परत जाण्याचा; वर्गाचा दोनच इथे वेगळ्या रिवाजाने लिहितात. मग पुढे जाते. "तसंच असतं" हे उत्तर माझ्या वर्गात कुणी द्यायचं नाही, मीसुद्धा नाही.

सरांना मी माफ केलेलं नाही. करणारही नाही. आणि टाचा उचललेल्या आईवर हसणाऱ्या त्या पोरीलाही नाही.