दुर्गापुऱ्याची एकटी म्हातारी

"अकेले हों मेरे दुश्मन!" म्हातारी कडाडली आणि हातातला चिमटा तिनं आमच्यावर उगारला. आमच्यावर म्हणजे माझ्यावर आणि मोरी-सानांवर. मोरी-सान हे जपानहून आमच्या डिपार्टमेंटला आलेले प्रोफेसर. हिंदी त्यांना येत नव्हतं, पण चिमटा कळला. ते दोन पावलं मागे सरले आणि कमरेत वाकून उभे राहिले.

माझ्या हातातल्या फॉर्मवर स्वच्छ लिहिलं होतं: कुटुंबातली एकूण माणसं, एक. आणि अंगणात बघतो तर दोन मुलगे, दोन सुना आणि मोजता येणार नाहीत इतकी पोरं! सगळी आमच्याकडे बघून हसतायत.

बासष्ट-त्रेसष्ट साल असेल. जयपुरात मी स्टॅटिस्टिकल असिस्टंट होतो. पोस्ट टेंपररी. काम कुटुंबांच्या सर्व्हेचं. आमच्या भाषेत हाउसहोल्ड म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसं. घरोघर जाणाऱ्या बायांना मीच बजावलं होतं, "नाती विचारत बसू नका. चुली मोजा." दुर्गापुऱ्यापासून चौमूंपर्यंत तीन महिने त्या बिचाऱ्या पायपीट करत होत्या. ट्रंक भरून फॉर्म आले. उत्तर निघालं की कुटुंबं लहान होतायत आणि म्हातारी माणसं एकटी पडतायत.

हेडसाहेब हरखले. "देशपांडेजी, जो जापान में हुआ, वो यहाँ शुरू हो गया!" जपानात काय झालं ते मोरी-सानांनी सांगितलंच होतं. ते स्वतः सात भावंडं, त्यांना मुलं दोन. तरणी माणसं शहरात, म्हातारी गावात. साहेबांना मोरी-सान परत जायच्या आत पेपर हवा होता. माझ्या कन्फर्मेशनची फाइलही त्यांच्याच टेबलावर पडून होती. पेपर झाला की सही, असं त्यांनी दोनदा सुचवलं होतं. मोरी-सान एवढंच म्हणाले की एक घर डोळ्यांनी बघू. म्हणून आम्ही इथे आलो होतो.

धाकटी सून घुंगटातून म्हणाली, "अम्माजी प्याज-लहसुन नहीं खातीं। इसलिए उनका चूल्हा अलग है, बाबूजी।"

मी कपाळावर हात मारला. अहो, माझी सख्खी आत्या जन्मभर सोवळ्यात वेगळ्या शेगडीवर रांधायची. तिच्या हुकमाशिवाय आमच्या घरात पान हलत नव्हतं. तिला एकटी म्हणायची कुणाची छाती होती? असल्या घरात वाढलेल्या माणसानं हा नियम काढावा! लाज वाटली मला, खरंच सांगतो.

जीपकडे जाताना मोरी-सान हळूच म्हणाले, "आमच्याकडे उलटं आहे. गावच्या दप्तरात माझी आई मोठ्या भावाच्या घरात आहे. भाऊ टोकियोला असतो. कागदावर पाच माणसं. घरात ती एकटीच."

मी हातातला फॉर्म घडी करून खिशात घातला.

दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर उभा राहिलो.

"कितने फॉर्म गलत हैं?"

"सांगता येत नाही सर, म्हणून सगळेच पुन्हा भरून घ्यावे लागतील," असं मी हिंदीत सांगितलं.

"और तुम्हारी फाइल?"

"राहू दे, सर."

शूरपणा वगैरे काही नव्हता. दमलो होतो. खोटा तक्ता आयुष्यभर निस्तरायचा, त्यापेक्षा सर्व्हे पुन्हा केलेला बरा, एवढाच विचार. साहेबांनी फाइल उचलून खालच्या खणात टाकली.

नवा फॉर्म केला. चुलीचा प्रश्न ठेवला, पण त्याखाली मोरी-सानांनी आणखी एक घालायला लावला: आजारी पडलात तर पाणी कोण देतं? मे महिन्याच्या उन्हात त्याच बाया पुन्हा निघाल्या. त्यांनी मला काय शिव्या दिल्या असतील ते मी विचारलं नाही. पेपर वर्षभरानं निघाला. नाव साहेबांचं, आणि आत खळबळजनक काही नाही. मी कन्फर्म झालो तो आणखी दोन वर्षांनी, साहेब बदलून गेल्यावर.

पण एक गोष्ट राहिली. नवा प्रश्न आधी स्वतःवर करून बघायचा, अशी आमच्या धंद्यातली रीत. मी माझा फॉर्म भरला: मी, बायको, दोन मुलं. पाणी बायको देते. मोरी-सान शेजारी बसले होते.

"आई?" त्यांनी विचारलं.

"कराडला."

"मग तिचाही भरा."

भरला. माणसं: एक. चुली: एक. पाण्याच्या प्रश्नापाशी पेन थांबलं. मग लिहिलं, 'शेजारच्या काकू'. अक्षर माझंच होतं, पण वाचवेना.

काय लिहिलं ते मोरी-सानांनी विचारलं नाही. त्यांनी गठ्ठ्यातून एक कोरा फॉर्म ओढला आणि खाली मान घालून आपल्या लिपीत लिहायला लागले.

तेव्हापासून नव्या पोरांना मी एवढंच सांगत आलो: लोकांच्या चुली मोजायला निघण्याआधी पहिला फॉर्म आपल्या आईचा भरा.